डाव्या गुडघ्यास

ऊठ.
साडेसहा झाले. समुद्रावरचं धुकं
अजून खालच्या गल्लीत अडकलंय,
बंदरातल्या क्रेनची नुसती मान दिसतेय,
आणि तू पांघरुणात कुरकुरतोयस
गंजक्या बिजागरीसारखा.

ऐक, माझ्याशी भांडू नकोस.
सत्तर वर्षं तुला कुणी काही विचारलं नव्हतं.
शिलाई मशीनचं पायडल मारलंस,
लग्नाकार्यात नाचलास,
ओरासिओच्या मयतीला अख्खी चढण चढलास
हूं की चूं न करता.
आताच कुठून फुटली ही वाचा?

मार्चमध्ये टेकडीची दोरावरची गाडी बंद पडली.
दारावर कागद लागला : दुरुस्ती, पंधरा दिवस.
वालपाराइसोत पंधरा दिवस म्हणजे किती
ते पालिकेलाच ठाऊक.
मी घरात बसले.
शेजारची मिरेया पाव आणायची,
मी खिडकीतून दोरीला टोपली सोडायची.
छान चाललं होतं.
म्हणजे, मी सोडून सगळं चालत होतं.

मग तुला सूज आली
आणि मिरेयाच्या भाच्याच्या गाडीतून
मागच्या रस्त्याने आपण दवाखान्यात गेलो.
डॉक्टर पोरगी, एका कानात तीन बाळ्या,
तुला दोन्ही अंगठ्यांनी चाचपत म्हणाली,
हा थकलेला नाही हो,
कंटाळलाय.
रोज पायऱ्या. जमतील तेवढ्या.
मला तिचा राग आला. तुझाही.

पहिल्या दिवशी अकरा उतरले.
तिथे भिंतीवर कुणीतरी निळा देवमासा काढलाय,
त्याच्या पोटाला टेकून बसून राहिले.
वरून माणसं आली, तेव्हा लाज वाटून
बुटाची नाडी बांधायचं सोंग केलं.
माझ्या बुटांना नाडी नाही.

एकतिसाव्या पायरीवर एर्मोहेनेस राहतो.
गोदीत चाळीस वर्षं ओझी उचलली,
कंबरेत आता लोखंड आहे, गळ्यात अजून भोंगा.
मला पाहून ओरडला :
चढताना चांगला पाय आधी, उतरताना वाईट!
चांगले वर जातात, वाईट खाली,
पाद्री सांगतो ना, तसंच.
वाईट म्हटल्यावर तू दिवसभर धुसफुसलास.
पण उतरलास मात्र आधी.

तेव्हापासून तो काठी घेऊन सोबत यायला लागला.
गॅसवाला पोरगा सिलिंडर खणखणवत
दोन दोन पायऱ्या वर जायचा,
आम्ही बाजूला सरून त्याला शिव्या द्यायचो, दम खायचो.
शिव्या देताना दम खाल्लेला कळत नाही.

जुलैत नऊ दिवस गेलेच नाही.
त्याबद्दल बोलायचं नाही.

सप्टेंबरात एकशे त्रेचाळिसावी.
खाली बेकरीच्या दारात मी स्वतः उभी,
पिशवीत दोन माराकेता, हाताला चटका बसेल असे.
मिरेयाने बिचारीने सहा महिने आणला,
पण तिचा पाव कधी गरम नव्हता.
अर्धा तिथेच खाल्ला. उभ्याने.
तूही उभाच होतास की!

काल गाडी सुरू झाली.
बँड, रिबीन, महापौरांचा माणूस,
साठीच्या पुढच्यांना महिनाभर फुकट.
बसले मी. का नाही बसणार? फुकट होतं.
घरघरत वर निघालो,
टिनपत्र्याची रंगीत घरं खाली सरकत गेली,
आणि काचेतून मला दिसला
एकतिसाव्या पायरीवर एर्मोहेनेस.
काठी भिंतीला टेकवलेली,
खालच्या वळणाकडे बघत होता,
मग पुन्हा वाकून बघत होता.
माणसं जवळून गेली
तसा तो बुटाची नाडी बांधू लागला.

रात्रभर तू ठणकत होतास, की मी,
ते नीट सांगता येणार नाही.

ऊठ आता.
मोजे घालते, तोवर कुरकुरून घे.
वाटेत मिरेया विचारेल, कसं चाललंय?
दुखतंय म्हणून सांगू.
खरंच आहे ते.
पण दुखतंय हे सांगायचं तर
दाराबाहेर पडून सांगू.

चालायचंच.